‘एमेरिटस’ : मान की हक्क?

पुणे धर्मप्रांताचे बिशप वालेरियन डिसोजा २००९ साली व बिशप थॉमस डाबरे २०२३ साली पदभारातून मुक्त झाले, तेव्हा त्यांच्या पदनामाला ‘एमेरिटस’ हा शब्द जोडला गेला. कोल्हापूर याच धर्मप्रांतात मोडते. आपण भाविक त्या शब्दाचा अर्थ ‘सन्माननीय’ असा घेतो. वास्तविक तो शब्द छावणीतला आहे.

शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळी कोल्हापूरकरांस नव्याने सांगावयास नको. सैनिकी पेशा त्या गावाच्या नावातच आहे. स्पेनमधील मेरिदा शहराचेही तसेच. इ. स. पूर्व २५ मध्ये सम्राट ऑगस्टसच्या आज्ञेने मुदत भरलेल्या रोमन शिपायांसाठी ते वसविले गेले व ‘एमेरिता’ म्हणविले गेले. लॅटिनमध्ये ‘मेरेरे’ म्हणजे कमावणे. ‘ए’ हा उपसर्ग ती कमाई पुरी झाल्याचे सांगतो. चाकरी पूर्ण करून जमिनीवर अथवा रोख रकमेवर ज्याचा हक्क झाला, तो ‘एमेरितुस’. त्याने रणात पराक्रम गाजविला की नाही, हा प्रश्नच नव्हता.

पुढे विद्यापीठांनी शब्द उचलला आणि मराठीत ‘गुणश्री प्राध्यापक’ झाला. शब्द श्रुतिमधुर खरा. परंतु ‘मेरिट’ डोळ्यांपुढे ठेवून तो घडविला असावा. दोन्ही शब्द एकाच धातूचे, तरीही हक्क मागे पडला आणि गौरव तेवढा उरला, असे मला वाटते.

पूर्वी पद सोडणाऱ्या बिशपांना एखाद्या लुप्त धर्मप्रांताची नाममात्र पदवी मिळे. १९६६ साली पोप पौल सहावे यांनी पंचाहत्तरी पूर्ण होताच राजीनामा सादर करण्याची विनंती बिशपांना केली. १९७० पासून निवृत्त बिशपांचे नाव स्वतःच्या धर्मप्रांताशीच निगडित राहू लागले. २०१३ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनीही हीच उपाधी घेतली. काही कायदेपंडितांना ती रुचली नाही. १९८३ च्या कायदेसंहितेतील ४०२ वे कलम मात्र उपाधीवर थांबत नाही. निवृत्त बिशपांच्या योग्य निर्वाहाची मुख्य जबाबदारी ते त्यांनी सेवा केलेल्या धर्मप्रांतावर टाकते.

आपल्या वृद्ध धर्मगुरूंचे काय? त्यांच्यासाठी वर्गणी काढताना आपण सहज ‘मदत’ म्हणतो. सैनिक टाकळीचा माजी सैनिक आपल्या पेन्शनला मदत म्हणणार नाही. ५३८ व्या कलमाची भाषाही उपकाराची नाही : धर्मग्रामाच्या निवृत्त प्रमुख धर्मगुरूंचा निर्वाह आणि निवास, दोहोंची तजवीज बिशपांनी करावयाची आहे.