तरंगती शेती (बांगलादेश)
गंगा-ब्रह्मपुत्रेच्या त्रिभुज प्रदेशात पाण्यावर तरंगणाऱ्या वाफ्यांवर होणारी भाजीपाल्याची व रोपांची शेती. पिरोजपूर, बारिसाल, गोपालगंज या जिल्ह्यांत ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पावसाळ्यात तिथली सखल जमीन कित्येक महिने पाण्याखाली असते. तेव्हा शेतकरी बांबूने जलपर्णी ओढून तिचे थरावर थर रचतात आणि पायांनी तुडवून दाबतात; वरचा थर कुजला की वाफा लागवडीजोगा होतो. त्याला ‘धाप’ किंवा ‘बैरा’ म्हणतात. वेलभाज्यांचे बी कुजलेल्या पाणवनस्पतींच्या मुठीत मावेल अशा गोळ्यात रुजवतात. हे नाजूक काम बहुधा घरच्या स्त्रियांच्या हातचे. भेंडी, दुधी, काकडी, लाल माठ, हळद अशी पिके निघतात. पूर चढला की वाफाही त्याच्याबरोबर वर येतो, हेच या पद्धतीचे खरे बळ. पाणी ओसरल्यावर कुजलेला वाफा हिवाळी भाज्यांना खत म्हणून घालतात. आपल्याकडे मुळा-मुठा नद्यांचा श्वास कोंडणारी जलपर्णी तिथे जमिनीचे काम करते, याचे मोल मोठे आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१५ मध्ये या पद्धतीला जागतिक महत्त्वाचा कृषिवारसा म्हणून मान्यता दिली. मात्र समुद्राचे खारे पाणी आत सरकले, तर जलपर्णी तग धरत नाही.