५७ किलो : कुस्तीत काटा आला तेव्हा

खाशाबा जाधव म्हटले की हेलसिंकी, १९५२, कांस्यपदक, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक, एवढे आपल्यापैकी बहुतेकांना पाठ असते. त्या पदकासमोर नोंदवहीत आणखी एक आकडा असतो. त्याच्यापाशी सहसा कोणी थांबत नाही. तो आकडा ५७ किलोंचा. आजचा हा थ्रेड त्या आकड्याविषयी आहे.

कुस्तीचा इतिहास फार जुना, पण पैलवानाला लढतीआधी काट्यावर उभे करण्याची रीत फार अलीकडची. प्राचीन ग्रीसमधील ऑलिंपियात मल्लांचे गट होते ते वयाचे : मुले आणि पुरुष. वजन कोणी विचारीत नसे. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातील क्रोटोनचा मायलो हा त्या काळचा सर्वश्रेष्ठ मल्ल. त्याने मुलांच्या गटात एकदा आणि पुरुषांच्या गटात पाच वेळा ऑलिंपियाची कुस्ती जिंकली. त्याच्या ज्या दंतकथा उरल्या, त्या सगळ्या त्याच्या अफाट देहाच्या आणि आहाराच्या. ज्या खेळात वजनाला मर्यादा नाही, तेथे कथाही थोराडांच्याच उरतात.

१८९६ साली अथेन्सला आधुनिक ऑलिंपिक सुरू झाले, तेव्हाही कुस्तीचा गट एकच होता. पाच जण उतरले. पहिल्याच फेरीत ब्रिटनच्या लॉन्सेस्टन एलियटसमोर जर्मनीचा कार्ल शूमान आला. एलियट धिप्पाड, त्याच स्पर्धेत एका हाताने ७१ किलो उचलून त्याने सुवर्ण जिंकले होते. शूमान अंगाने लहान आणि मूळचा जिम्नॅस्ट. पाहणाऱ्याला निकाल आधीच ठरल्यासारखा वाटावा अशी ही जोड. पण शूमानने एलियटला सहज खाली घेतले. अंतिम लढत ग्रीसच्या त्सितासशी झाली. अंधार पडल्यामुळे ती थांबवावी लागली आणि दुसऱ्या दिवशी शूमानने ती संपवली.

ही गोष्ट सांगून 'शरीराला महत्त्व नाही, जिद्द हवी' असा निष्कर्ष काढण्याची आपल्याकडे फार हौस आहे. तो निष्कर्ष चुकीचा आहे. शूमान अपवाद होता, आणि त्याच्या विजयामागे जिद्दीइतकेच शरीराचे गणितही होते.

ते गणित गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या शेवटच्या ग्रंथात मांडले. एखादा देह सर्व बाजूंनी सारख्याच प्रमाणात १० टक्के मोठा झाला असे समजा. स्नायूची ताकद त्याच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते. ते २१ टक्के वाढते. देहाचे वजन मात्र घनफळाने वाढते, म्हणजे ३३ टक्के. मोठा माणूस एकूण ताकदीने मोठाच असतो; पण स्वतःच्या वजनाच्या तुलनेत तो लहान माणसापेक्षा कमकुवत असतो. मुंगी स्वतःहून कितीतरी जड दाणा ओढते आणि हत्तीला तसे जमत नाही, त्याचे मुख्य कारण हेच.

याचा पुरावा भारोत्तोलनात स्वच्छ दिसतो. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये ६० किलो गटात तुर्कस्तानच्या नइम सुलेमानोग्लूने 'क्लीन अँड जर्क' प्रकारात १९० किलो उचलले, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या तिपटीहून अधिक. त्याच स्पर्धेत ११० किलोंवरील गटात सोव्हिएत संघाच्या अलेक्सांद्र कुर्लोविचने २५० किलो उचलले. आकडा मोठा खरा, पण त्याचे वजन अगदी ११० किलोच धरले तरी ती पट २.३ च्या आतच राहते. कोण अधिक बलवान, याचे उत्तर आपण कोणते माप लावतो यावर ठरते.

जिम्नॅस्टला आयुष्यभर स्वतःचाच भार उचलायचा असतो, म्हणून तेथे लहान बांध्याला लाभ. कुस्तीत मात्र समोरच्याचा भार उचलायचा असतो, आणि तो भार ७० किलोंचा की १२० किलोंचा हे तुमच्या हाती नसते. मोफत मिळालेली ढाल म्हणजे वजन! १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये गामा पैलवान आणि पोलंडचा झ्बिश्को यांची लढत झाली. झ्बिश्को गामाहून बराच जड होता. त्याने मॅटवर पालथे पडून राहण्याचा मार्ग पत्करला. अडीच तासांहून अधिक वेळ गामाने त्याला उलथवण्याचा प्रयत्न केला. लढत बरोबरीत सुटली. पुढल्या फेरीला झ्बिश्को आलाच नाही आणि पट्टा गामाला मिळाला. १९२८ साली पतियाळात हे दोघे पुन्हा भिडले, तेव्हा गामाने एका मिनिटाच्या आत निकाल लावला. झ्बिश्कोला मॅटवर पसरण्याची सवड मिळाली असती, तर कदाचित पुन्हा संध्याकाळ झाली असती.

ऑलिंपिकच्या कुस्तीत काटा आला तो १९०४ साली, अमेरिकेतील सेंट लुईस येथे. सात गट झाले. सर्वांत हलका गट ४७.६ किलोंपर्यंतचा आणि सर्वांत वरचा ७१.७ किलोंवरील. आज ७२ किलोंच्या पैलवानाला 'हेवीवेट' म्हटले तर गावच्या जत्रेत लोक हसतील, पण सुरुवात अशी झाली. गटांची नावे मुष्टियुद्धातून आलेली : फ्लाय म्हणजे माशी, बँटम म्हणजे बुटक्या जातीचा कोंबडा, फेदर म्हणजे पीस. लहान देहाला स्पर्धेत जागा मिळाली, तरी नावात थट्टा उरलीच.

वजने सारखी केल्याचा एक परिणाम कोणाच्या ध्यानात आला नसावा. जोड बरोबरीची झाली की कुस्ती निकाली होईना. १९१२ साली स्टॉकहोमला ७५ किलो ग्रीको-रोमन गटात मार्टिन क्लाइन आणि आल्फ्रेड असिकाइनन यांची उपांत्य लढत ११ तास ४० मिनिटे चालली. क्लाइन जिंकला, पण इतका थकला की अंतिम लढतीला उभाच राहू शकला नाही. काट्याने समानता आणली, आणि मग घड्याळ व गुण आणणे भाग पडले. आपण जिला आधुनिक कुस्ती म्हणतो, ती या तिन्हींतून घडली.

आता कोल्हापूरकडे वळू. शाहू महाराजांनी बांधून घेतलेले खासबाग मैदान १९१२ साली उभे राहिले, म्हणजे स्टॉकहोमच्याच वर्षी. त्या मातीत जोड ठरे ती वस्तादाच्या नजरेने : अंग पाहून, घराणे पाहून, मागच्या कुस्त्या आठवून. पोरांच्या कुस्त्या रेवड्या-नारळांवर सुटत. मैदान तापत जाई तसे इनाम आणि पैलवान दोन्ही वजनदार होत. ही व्यवस्था अडाणी मुळीच नव्हती. अनुभवी नजर काट्याहून पुष्कळ अधिक पाहते. पण तिच्यात मानाची शेवटची कुस्ती ५७ किलोंच्या माणसाच्या वाट्याला येणे जवळजवळ अशक्य होते.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा १५ जानेवारी १९२६ रोजी जन्मले. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला खाशाबा गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने, आणि उतरले ५२ किलोंच्या फ्लायवेट गटात. सारा सराव मातीतला. मॅट नवी, नियम नवे. तरीही सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला जाण्यासाठी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. या वेळी गट होता बँटमवेट, ५७ किलोंचा. मधल्या काळात खाशाबांचे वय २२ वरून २६ झाले होते आणि अंग भरले होते. वरच्या गटात जाऊनही ते वरचढ ठरले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना त्यांनी हरवले. जपानच्या शोहाची इशीईने आणि सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव्हने त्यांना रोखले; त्या दोघांना अनुक्रमे सुवर्ण आणि रौप्य मिळाले.

२३ जुलै १९५२ चे ते कांस्य गोळेश्वरच्या तांबड्या मातीचे आहेच. खाशाबांचा हुकमी डाव होता ढाक : मानेला कव घालून, अंग वळवून समोरच्याला कमरेवरून फेकायचे. हा डाव लागतो तो समोरच्याच्या खाली शिरल्यावर, म्हणून अंगाने आटोपशीर पैलवानाला तो शोभतो. पण डाव कितीही घोटलेला असला, तरी तो दीडशे किलोंच्या देहावर चालवायचा की ५७ च्या, हे काट्याने ठरवले. त्याच स्पर्धेत ६२ किलो गटात कोल्हापूरचेच केशव मांगवे चौथे आले. एका जिल्ह्याच्या तालमींतून दोन हलके पैलवान जगातल्या पहिल्या चारांत पोहोचले, ही गोष्ट आपल्या कुस्तीच्या इतिहासात फारच कमी वेळा सांगितली जाते.

खाशाबांना 'पॉकेट डायनामो' म्हणत. सुलेमानोग्लू 'पॉकेट हर्क्युलस'. १९५२ सालीच लहान उंचीच्या गटात 'मिस्टर युनिव्हर्स' झालेले बंगालचे मनोहर ऐच, उंची ४ फूट ११ इंच, तेही 'पॉकेट हर्क्युलस'च. कौतुकच आहे हे, पण खिशात मावणारे कौतुक! पूर्ण आकाराचे नाव देण्यास जीभ अजून कचरते. आमची नजरही तशीच घडली आहे. १९६१ पासून सुरू असलेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत इतर वजनगट असतात, परंतु मानाची गदा ज्या गटाला मिळते तो अलीकडे ८६ ते १२५ किलोंचा आहे. हेलसिंकीचे खाशाबा आज आले, तर त्या गदेसाठी त्यांना उतरताच येणार नाही.

काटा निष्ठुरही आहे. गट ठरले की खालच्या गटात मावण्यासाठी अंगातले पाणी काढण्याची युक्ती आली. १९९७ साली अमेरिकेत महिनाभराच्या अंतरात तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर अशा प्रयत्नात मरण पावले, तेव्हा तेथील नियम बदलले. पुढे आंतरराष्ट्रीय कुस्तीत लढतीच्या प्रत्येक दिवशी सकाळी वजन घेण्याचा नियम आला. ७ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये विनेश फोगट ५० किलो गटाच्या अंतिम लढतीआधी १०० ग्रॅम जादा भरल्या आणि अपात्र ठरल्या. एरवी त्या ५३ किलो गटात खेळत असत.

दुसऱ्याच दिवशी त्याच मैदानावर अमन सेहरावत उपांत्य फेरीत हरला. सकाळच्या वजनाला तेव्हा काही तासच उरले होते आणि त्याचे वजन ६१ किलोंच्या वर गेले होते. रात्रभर त्याला झोपू दिले नाही : मॅटवर सराव, गरम पाण्याची अंघोळ, सौना, ट्रेडमिल. पहाटे काटा मर्यादेच्या आत आला. ९ ऑगस्टला त्याने कांस्य जिंकले. गट होता पुरुष फ्रीस्टाइल, ५७ किलो.