'पीडित' या शब्दाची हद्द

नेपाळचे सरकारी कागद वाचताना मराठी वाचकाला एक विचित्र अनुभव येतो. लिपी आपलीच असते आणि बरेचसे शब्दही आपलेच. 'सहभागिता', 'अयोग्य', 'पीडित', 'एकल' हे शब्द समजायला कोश उघडावा लागत नाही. तरीही ते पुरते समजले असे म्हणता येत नाही. १९९६ ते २००६ या काळातल्या माओवादी युद्धाने आणि त्यानंतरच्या शांततेने या साध्या तत्सम शब्दांवर मोठा भार टाकला आहे. मदत कोणाला मिळावी, तक्रार कोणाची घ्यावी, छावणीतून कोणाला घरी पाठवावे, याचे निर्णय या शब्दांच्या आधारे झाले. स्त्रिया, शांतता आणि सुरक्षा या विषयावरील आंतरराष्ट्रीय वचने प्रत्यक्षात कशी उतरतात किंवा अडतात हे पाहायचे असेल, तर या चार शब्दांचा इतिहास पाहणे उपयोगाचे आहे.

मूळ वचन संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीचे. ३१ ऑक्टोबर २००० रोजी, नामिबियाच्या अध्यक्षतेखाली, समितीने ठराव क्रमांक १३२५ एकमताने संमत केला. युद्धात स्त्रियांचे संरक्षण व्हावे ही मागणी जुनी होती. शांततेच्या वाटाघाटींत आणि पुनर्रचनेत निर्णय घेणाऱ्या म्हणून स्त्रिया असाव्यात, हे सुरक्षा समितीने एका स्वतंत्र ठरावात प्रथमच मान्य केले. साहित्याच्या अभ्यासकाने या ठरावातील क्रियापदांकडे लक्ष द्यावे. ठराव 'आग्रह धरतो', 'आवाहन करतो', 'प्रोत्साहन देतो'. न पाळणाऱ्यास काय होईल याबद्दल तो मौन बाळगतो. हे मौन भरून काढण्यासाठी पुढे राष्ट्रीय कृती आराखड्यांची कल्पना आली. डेन्मार्कने २००५ साली पहिला आराखडा केला. दक्षिण आशियात हा मान नेपाळकडे जातो. तेथील आराखडा फेब्रुवारी २०११ मध्ये जाहीर झाला.

पहिला शब्द 'सहभागिता'. माओवाद्यांच्या सैन्यात स्त्रियांची संख्या लक्षणीय होती. युद्ध संपल्यावर संयुक्त राष्ट्रांच्या पथकाने १९,६०२ लढवय्यांची नोंद पक्की केली. त्यांत ३,८४६ स्त्रिया होत्या. २१ नोव्हेंबर २००६ रोजी सर्वसमावेशक शांतता करार झाला, तेव्हा त्यावर सह्या केल्या गिरिजाप्रसाद कोईराला आणि प्रचंड या दोन पुरुषांनी. अंतरिम संविधानाचा मसुदा करण्यासाठी प्रथम नेमलेल्या समितीतही एकही स्त्री नव्हती. विरोध झाल्यावर ती समिती वाढवावी लागली. याउलट संसदेने मे २००६ मध्येच राज्ययंत्रणेत स्त्रियांना किमान तेहतीस टक्के जागा देण्याचा ठराव केला होता. २००८ च्या संविधानसभेत ६०१ सदस्यांपैकी १९७ स्त्रिया होत्या. हे यश लहान नाही. मात्र सभागृहातील ही गणती आणि छावण्यांतील गणती शेजारीशेजारी ठेवून पाहावी. २०१२ मध्ये माओवादी लढवय्यांपैकी सुमारे चौदाशे जण राष्ट्रीय सैन्यात सामावले गेले. त्यांत स्त्रिया शंभराच्या आसपास होत्या.

दुसरा शब्द अधिक निष्ठुर आहे. पडताळणीत ४,००८ जण नापास ठरले. बहुतेकांचे कारण हे, की ठरावीक तारखेला ते अठरा वर्षांचे नव्हते. उरलेले उशिरा भरती झालेले. नेपाळी वर्तमानपत्रांनी आणि लोकांनीही त्यांना 'अयोग्य लडाकू' म्हटले. २०१० च्या आरंभी त्यांना छावण्यांतून निरोप देण्यात आला. वास्तविक ज्या मुलाला वा मुलीला कोवळ्या वयात युद्धात ओढले गेले, ती व्यक्ती आंतरराष्ट्रीय कायद्याच्या दृष्टीने अन्यायग्रस्त आहे. येथे मात्र दोष तिच्याच नावाला चिकटला. मुलींच्या बाबतीत हा शब्द दुप्पट बोचला. बंदूक घेऊन जंगलात राहिलेली, कदाचित पक्षातच आंतरजातीय विवाह केलेली मुलगी 'अयोग्य' हा शिक्का घेऊन गावी परतली, तेव्हा गावाने त्या शब्दात स्वतःचे अर्थ भरले.

तिसरा शब्द 'पीडित'. या लेखाचा गाभा तोच आहे. २०११ चा आराखडा वरवर पाहता आदर्श होता. पन्नासहून अधिक जिल्ह्यांत चर्चा घेऊन, युद्धाची झळ सोसलेल्या स्त्रियांशी बोलून तो तयार झाला होता. सहभाग, संरक्षण, प्रसार, मदत व पुनर्वसन आणि देखरेख असे त्याचे स्तंभ होते आणि लैंगिक हिंसेची दखल त्यात होती. मात्र मदतीचे पैसे ज्या यादीवरून वाटले जात ती यादी या आराखड्यात नव्हती. ती अंतरिम मदतीच्या आधीच्या नियमांत होती. त्या नियमांनुसार मृतांचे आणि बेपत्तांचे कुटुंबीय, जखमी, अपंग, विस्थापित हे 'द्वंद्वपीडित' ठरत. बलात्कार सोसलेली स्त्री त्या यादीत नव्हती. नवरा मारला गेला असेल तर ती त्याची विधवा म्हणून पीडित होती; तिच्या स्वतःच्या देहावर जे घडले, त्यासाठी नव्हती. एका कागदाने तिला मान्य केले आणि दुसऱ्याने तिला दारातून परत पाठवले.

न्यायालयाची वाटही बंद होती. नेपाळच्या तत्कालीन कायद्यात बलात्काराची तक्रार पस्तीस दिवसांत करावी लागे. ज्या पोलिसांनी किंवा सैनिकांनी अत्याचार केला त्यांच्याच राज्यात, युद्ध चालू असताना, पस्तीस दिवसांत! ही मुदत पुढे टप्प्याटप्प्याने वाढवली गेली; पण युद्धकाळातील घटनांना तिचा उपयोग कसा व्हावा? अखेर काही स्त्रियांनी संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे दाद मागितली. २०१७ आणि २०१९ मध्ये समितीने अशा प्रकरणांत नेपाळला जबाबदार धरले आणि ही मुदत हा न्यायातील अडथळा असल्याचे म्हटले. या निर्णयांत तक्रारदार स्त्रिया टोपणनावाने वावरतात. साहित्यात टोपणनाव ही लेखकाची हौस असते किंवा ढाल. येथे ती नोंद होण्यासाठी मोजलेली किंमत आहे. कागदावर येण्यासाठी स्वतःचे नाव कागदाबाहेर ठेवावे लागले.

आता चौथा शब्द, 'एकल'. नेपाळमधील स्त्रियांच्या चळवळीने २००१ पासून 'विधवा' हा शब्द नाकारून 'एकल महिला' हा शब्द आग्रहाने रूढ केला. महाराष्ट्रातल्या चळवळींनाही तो परका नाही. 'विधवा' या शब्दात स्त्रीची ओळख मेलेल्या पुरुषावरून ठरते. 'एकल' या शब्दात ती स्वतःवरून ठरते. शब्द बदलल्याने पोट भरत नाही, हा आक्षेप खरा आहे. तथापि वरील तीन शब्दांशी त्याची तुलना केली तर फरक दिसतो. 'सहभागिता', 'अयोग्य' आणि 'पीडित' या शब्दांच्या हद्दी मंत्रालयांनी, समित्यांनी आणि पडताळणी पथकांनी आखल्या. 'एकल' या शब्दाची हद्द ज्यांना तो लागू होतो त्यांनीच आखली.

कृती आराखड्याची अंमलबजावणी म्हणजे प्रशिक्षण, निधी आणि अहवाल, अशी आपली समजूत असते. नेपाळचा अनुभव सांगतो की खरी अंमलबजावणी व्याख्येपाशी सुरू होते आणि पुष्कळदा तेथेच संपते. आराखडा राबवणारे शांतता मंत्रालय २०१८ मध्ये विसर्जित झाले. दुसरा आराखडा २०२२ मध्ये आला आणि युद्धकाळातील लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रिया त्यात मध्यवर्ती झाल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये सत्यशोधन आयोगाचा कायदा दुरुस्त झाला. बलात्कार गंभीर उल्लंघनांत गणला गेला आणि अशा स्त्रियांना तक्रार नोंदवण्यासाठी नव्याने तीन महिन्यांची मुदत देण्याची तरतूद झाली.

पूर्वी पस्तीस दिवस होते, नंतर तीन महिने. ज्या मुलीवर २००२ साली अत्याचार झाला ती आज चाळिशीकडे झुकली असेल. तिला संसार असेल, मुले असतील, आणि त्यांना यातले काही ठाऊकही नसेल. 'पीडित' या शब्दाचे दार तिच्यासाठी उघडायला दोन दशके लागली. त्या दारातून आत जायचे की नाही हे मात्र तिने तीन महिन्यांत ठरवावे, असे कायद्याने सांगितले. घाई करण्याचा अधिकार आपल्याला आहे, असे राज्याला याही वेळी वाटलेच.