उसाचे मेण आणि त्याच्या कीर्तीचा इतिहास

उसाच्या कांड्यावर, विशेषतः पेरांजवळ, जो पांढुरका लेप दिसतो तो मेणाचा होय. त्यातील प्रमुख दीर्घशृंखल अल्कोहोल म्हणजे 28 कार्बन अणूंचे ऑक्टाकोसॅनॉल. धाराशिव जिल्ह्यात ढोकीस तेरणा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याबरोबर उसासोबत हे मेणही कारखान्यात आले. चुना व उष्णता यांनी रस निवळताना त्याचा बराचसा भाग गाळात, म्हणजे प्रेसमडमध्ये, उतरतो. आणि प्रेसमड खत म्हणून शेतात जातो.

या उपेक्षित द्रव्यास कीर्ती लाभली ती क्यूबात. उसाच्या मेणापासून केलेले, ऑक्टाकोसॅनॉलप्रधान ‘पॉलिकोसॅनॉल’ रक्तातील कोलेस्टेरॉल घटविते, असे 1990 नंतरच्या दशकात तेथील संशोधकांनी अनेक चाचण्यांच्या आधारे प्रतिपादिले. चाचण्यांची संख्या मोठी होती. परंतु त्यांतील बहुसंख्य एकाच देशात, एकाच संशोधकवर्तुळात झालेल्या होत्या, हे विसरता येत नाही. 2006 साली जर्मनीत 143 रुग्णांना 12 आठवडे, काहींना रोज 10 तर काहींना 80 मिलिग्रॅमपर्यंत मात्रा देण्यात आली. औषधहीन गोळीहून अधिक गुण दिसला नाही. द्रव्य क्यूबाच्या उसाचेच असल्याने कच्च्या मालास बोल लावण्याची सोयही उरली नाही.

याच कुळातील 30 कार्बनांच्या ट्रायकॉन्टॅनॉलचा प्रवास निराळा झाला. मराठवाड्यातील गोठ्यांना परिचित असलेल्या लसूणघासात ते आढळते. ते रोपांची वाढ करते, असे 1977 साली मिशिगन स्टेट विद्यापीठात रीस व सहकाऱ्यांनी दाखविले. पुढे भारतात त्याची फवारणी रूढ झाली, शेतागणिक फळ मात्र कमीअधिक. ढोकीच्या गाळातून मेण काढण्याचा हिशेब मांडणाऱ्याने औषधी किंमत त्यात धरू नये.