माउंटन बाइक शर्यतीतील टायर : निवड, हवेचा दाब आणि २६ इंची चाकाचा इतिहास

प्रस्तावना

तंत्रज्ञानाच्या सामाजिक इतिहासात सायकलच्या हवेच्या टायरला विशेष स्थान आहे. ट्रेव्हर पिंच आणि वीबे बायकर या अभ्यासकांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात सायकलचे उदाहरण घेऊन असे प्रतिपादन केले की, कोणत्याही वस्तूचा अर्थ तिच्या घडणीत आपोआप सामावलेला नसतो. निरनिराळे समाजगट तो आपापल्या गरजेनुसार ठरवीत असतात. हवेचा टायर प्रथम आला तो धक्के कमी करणारे साधन म्हणून. शर्यतपटूंना धक्क्यांची फारशी तमा नव्हती, त्यामुळे त्यांनी त्याची थट्टाच केली. पुढे तोच टायर शर्यती जिंकू लागला आणि 'वेगाचे साधन' हा त्याचा नवा अर्थ रूढ झाला. या टप्प्यावर टायरविषयीचा वाद मिटला, असे या अभ्यासकांचे म्हणणे आहे.

रस्त्यावरील सायकलपुरते हे प्रतिपादन ग्राह्य धरता येईल. मात्र १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील डोंगरउतारांवर हा मिटलेला वाद पुन्हा उघडला गेला. टायर किती रुंद असावा, त्यात किती हवा भरावी, त्यावरील नक्षी कशी असावी आणि तो किती व्यासाच्या चाकावर चढवावा, हे चारही प्रश्न नव्याने उभे राहिले. त्यांपैकी शेवटच्या प्रश्नाचे जे उत्तर सुमारे तीन दशके टिकून राहिले, ते गुणवत्तेच्या कसोटीवर कितपत ठरले होते, याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा मुख्य हेतू आहे.

पूर्वपीठिका

हवेच्या टायरचे पहिले पेटंट रॉबर्ट विल्यम थॉमसन याने १८४५ साली घेतले होते. परंतु तेव्हा सायकलच अस्तित्वात नसल्याने ते विस्मृतीत गेले. बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप याने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी तीच कल्पना स्वतंत्रपणे राबवून १८८८ साली पेटंट मिळविले. १८ मे १८८९ रोजी बेलफास्ट येथील क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर विली ह्यूम या सायकलपटूने या टायरवर शर्यती जिंकल्या आणि थट्टा थांबली. दोनच वर्षांनी, १८९१ मध्ये, सुमारे १२०० किलोमीटरची पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस शर्यत शार्ल तेराँ याने मिशेलिनचा काढता-घालता येणारा टायर वापरून जिंकली. पंक्चर झालेला टायर रस्त्यातच दुरुस्त करता येणे, हे वेगाइतकेच महत्त्वाचे ठरले. या विजयांनी रबराची मागणी वाढविली, आणि त्याच दशकात बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्या ताब्यातील काँगोमध्ये जंगली रबरासाठी सक्तीची वेठबिगारी सुरू झाली. शर्यतींच्या इतिहासात या गोष्टीचा उल्लेख सहसा येत नाही, तो यावयास हवा.

विसाव्या शतकात रस्त्यावरील शर्यतीचा टायर उत्तरोत्तर अरुंद व कडक होत गेला. 'कडक म्हणजे वेगवान' हे सूत्र इतके सर्वमान्य झाले की त्याला पुराव्याची गरज उरली नाही.

रिपॅकचा उतार

अमेरिकेत शिकागोच्या श्विन कंपनीने १९३३ साली २६ इंच व्यासाचा आणि २.१२५ इंच रुंदीचा फुगीर टायर बाजारात आणला. महामंदीच्या काळात मुलांना व वर्तमानपत्रे टाकणाऱ्या पोरांना टिकाऊ सायकल मिळावी, एवढाच त्यामागील हिशेब होता. शर्यतीचा विचार त्यात कोठेही नव्हता.

चार दशकांनंतर सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेकडील मरिन परगण्यातील तरुणांनी याच जुन्या, भंगारात निघालेल्या श्विन सायकली डोंगरावरून उतरविण्यासाठी निवडल्या. यांतील अनेकजण रस्त्यावरील शर्यतींत भाग घेणारे होते. अरुंद टायर दगडगोट्यांत निरुपयोगी आहे, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळ पहिली 'रिपॅक' शर्यत झाली. सुमारे दोन मैलांत तेराशे फूट उतरणारी ही वाट होती. मागच्या चाकातील उलट पायडल मारून लागणारा ब्रेक उतारावर इतका तापे की त्यातील ग्रीस जळून जाई व प्रत्येक फेरीनंतर ते नव्याने भरावे लागे. शर्यतीचे नाव त्यावरूनच पडले. चार्ली केली, गॅरी फिशर, जो ब्रीझ ही या वर्तुळातील प्रमुख नावे होत. फिशरने नोंदविलेली ४ मिनिटे २२ सेकंद ही वेळ कोणालाही मोडता आली नाही.

१९७७ साली ब्रीझने या वापरासाठी सायकलचा नवा सांगाडा बनविला. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. सांगाडा नवा होता, पण चाकाचे माप जुनेच राहिले. सांगाडा कार्यशाळेत नळ्या जोडून एकट्याने बनविता येतो; टायरचे तसे नाही. त्यासाठी साचा, कारखाना आणि मोठा खप लागतो. जे टायर बाजारात मिळत होते, त्यांच्याभोवतीच नवी सायकल बेतणे भाग होते. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची 'स्टम्पजंपर' ही मोठ्या प्रमाणावर निघालेली माउंटन बाइक आली आणि २६ इंची माप पक्के झाले.

न निवडलेला पर्याय

दुसरा मार्ग उपलब्ध होता, हे इंग्लंडमधील जेफ ॲप्स याच्या प्रयोगांवरून दिसते. कॅलिफोर्नियाच्या कोरड्या मातीऐवजी त्याच्यापुढे इंग्लंडचा ओला चिखल होता. १९७९ च्या सुमारास त्याने फिनलंडमध्ये बर्फासाठी बनणारे नोकियाचे 'हाकापेलिट्टा' टायर निवडले. ते ६५०-बी या फ्रेंच मापाचे, तसेच त्याहून मोठ्या ७००-सी मापाचेही होते. मोठे चाक खड्ड्यात कमी अडकते आणि दगडावर सहज चढते, असे त्याचे मत होते. त्याने हे टायर कॅलिफोर्नियात फिशर व केली यांच्याकडेही पाठविले. तेथे ते पसंतही पडले; परंतु फिनलंडहून होणारा पुरवठा खात्रीचा नव्हता, आणि टायर मिळण्याची शाश्वती नसताना त्या मापाची सायकल विकणे कोणालाही शक्य नव्हते.

तेव्हा २६ इंची चाकाचा विजय हा पुरवठ्याचा विजय होता. मरिनच्या तरुणांचे कर्तृत्व यामुळे कमी होत नाही. तथापि त्यांच्या निवडीला पुढील काळात जे शास्त्रीय वलय चढविले गेले, ते मात्र गैरलागू ठरते.

दाबाचा प्रश्न

१९९० साली कोलोरॅडोतील दुरँगो येथे आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघाची पहिली माउंटन बाइक जागतिक स्पर्धा झाली. १९९६ मध्ये अटलांटा ऑलिंपिकमध्ये या शर्यतीचा समावेश झाला. या काळातील शर्यतीचा टायर साधारणतः १.९५ ते २.१ इंच रुंद असे व त्यात ३५ ते ४० पौंड, प्रसंगी त्याहूनही अधिक हवा भरली जाई. म्हणजे रस्त्यावरील सूत्र डोंगरावरही पाठ सोडत नव्हते.

वस्तुतः खडबडीत जमिनीवर हे सूत्र उलटे पडते. कडक टायर प्रत्येक दगडावर सायकल व स्वार या दोघांनाही उचलतो आणि त्या उचलण्यात शक्ती वाया जाते. मऊ टायर दगड आपल्या पोटात सामावून घेतो. शिवाय दाब कमी झाला की जमिनीला टेकणारा भाग वाढतो व पकड सुधारते. असे असूनही स्वार हवा कमी करीत नसत, याला सबळ कारण होते. आतील ट्यूब दगड आणि रिम यांच्यात चिमटली जाऊन तिला शेजारी-शेजारी दोन भोके पडत. सायकलपटूंच्या बोलीत यालाच 'सर्पदंश' म्हणतात. ट्यूब होती तोवर कडक हवा ही विम्यासारखी होती.

ही अडचण १९९९ साली दूर होऊ लागली. मॅविक, हचिन्सन आणि मिशेलिन या फ्रेंच कंपन्यांनी ट्यूबविरहित टायर व रिम यांची एकत्रित पद्धत आणली. ती जड होती. त्यानंतर न्यूयॉर्क राज्यातील स्टॅन कोझियाटेक याने टायरमध्ये द्रवरूप लॅटेक्स घालून बारीक भोके आपोआप बुजविण्याचा उपाय २००१ पासून विक्रीस आणला. त्यामुळे साधे, हलके टायरही ट्यूबविना वापरता येऊ लागले. येथेही सुधारणा वापरणाऱ्याच्या हातून झाली, मोठ्या कारखान्याने ती मागाहून स्वीकारली. आज शर्यतीत २.३५ ते २.४ इंच रुंदीचे टायर सुमारे २० पौंड हवेवर चालविले जातात. स्वाराचे वजन, रिमची रुंदी आणि वाटेवरील दगड पाहून पौंड-अर्ध्या पौंडाचा फरक केला जातो. फार कमी हवाही चालत नाही. मग वळणावर टायर लचकतो, रिम दगडावर आपटते, क्वचित टायरची कड सुटून हवा निसटते.

नक्षीच्या बाबतीत मात्र जुन्या अनुभवाचे फारसे खंडन झाले नाही. पुढच्या चाकाने वळावयाचे व थांबावयाचे असते, म्हणून कडेचे ठोकळे मजबूत हवेत. मागच्या चाकाने ढकलावयाचे असते, म्हणून ठोकळ्यांच्या आडव्या कडा उपयोगी पडतात. १९९० च्या दशकात पॅनारेसरचे पुढे 'डार्ट' व मागे 'स्मोक' ही जोडी याच विचाराने लोकप्रिय झाली. कोरड्या, टणक मातीत ठेंगणे व दाट ठोकळे, तर चिखलात उंच व विरळ ठोकळे लागतात. दाट नक्षीत चिखल भरला की टायर गुळगुळीत होऊन जातो. चिखल बेताचा असेल तर मेकॅनिक उंच ठोकळ्यांचे शेंडे कापून मधली उंची साधतात. कोणत्याही माहितीपत्रकात न सापडणारे हे हातचे कौशल्य शर्यतीच्या आदल्या दिवशीचा सराव पाहून वापरले जाते.

मापाचा पुनर्विचार

१९९९ साली वाइल्डरनेस ट्रेल बाइक्स या कॅलिफोर्नियातील कंपनीने 'नॅनोरॅप्टर' हा २९ इंची रुंद टायर काढला. त्याची रिम ६२२ मिलिमीटर व्यासाची, म्हणजे ॲप्सने वापरलेल्या ७००-सी मापाचीच होती. टायर मिळू लागताच सायकली आल्या. शर्यतपटूंनी प्रारंभी त्या अवजड म्हणून नाकारल्या. बेलफास्टच्या थट्टेची येथे आठवण व्हावी. १२ ऑगस्ट २०१२ रोजी लंडन ऑलिंपिकमध्ये चेक प्रजासत्ताकाच्या यारोस्लाव्ह कुल्हावीने २९ इंची चाकांवर सुवर्णपदक मिळविले. अवघ्या एका सेकंदाने मागे राहिलेला स्वित्झर्लंडचा निनो शुर्टर २७.५ इंची चाकांवर होता, आणि हे २७.५ इंची माप म्हणजे ६५०-बीच होय. त्यानंतर थोड्याच वर्षांत २६ इंची चाक नव्या शर्यती सायकलींतून नाहीसे झाले.

पंक्चर मात्र नाहीसे झाले नाही. २९ जुलै २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या एलांकूर येथील शर्यतीत ब्रिटनच्या टॉम पिडकॉकचा टायर पंक्चर झाला. चाक बदलण्यात अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ गेला; तरीही त्याने शेवटच्या फेरीत फ्रान्सच्या व्हिक्टर कोरेत्स्कीला मागे टाकून सुवर्णपदक राखले.