लेकी बोले सुने लागे : गोदाकाठच्या सिंहाची अकराशे वर्षांची चर्चा

आजच्या भागात एक बाई आहे, एक कुत्रा आहे आणि एक सिंह आहे. सिंह खरंच आहे की नाही, यावर काश्मीरमधल्या पंडितांनी काही पिढ्या वाद घातला. आणि या वादातून, कविता वाचताना आपल्या डोक्यात नेमकं काय होतं, याचं एक फार भारी उत्तर मिळालं.

आधी गोष्ट बघूया. जागा गोदावरीचा काठ. तिथल्या झाडीत एक धार्मिक गृहस्थ येत असतो. तिथे एक कुत्रा आहे आणि त्याची या माणसाला भीती वाटते. एक दिवस एक बाई त्याला कळवते की आता निर्धास्त फिरायला हरकत नाही, कारण तो कुत्रा मारला गेलाय. कोणी मारला? तर तिथल्याच जाळीत राहणाऱ्या माजलेल्या सिंहाने.

संपली कविता. फक्त दोन ओळींची आहे.

आता तुम्हीच सांगा, तो माणूस परत तिकडे पाऊल टाकेल का? बाई शब्दांत म्हणते ‘या’. ऐकणाऱ्याला मात्र कळतं ‘येऊ नका’. तिच्या बोलण्यात ‘नको’ हा शब्द कुठेच नाही. आपल्याकडे म्हण आहेच, लेकी बोले सुने लागे. बोलायचं एक आणि लागायचं दुसरंच. आपण घराघरात वापरतो ती ही युक्ती. तिला साहित्यशास्त्राच्या मध्यभागी नेऊन बसवलं ते या कवितेने.

ही कविता ‘गाथासप्तशती’मधली. सप्तशती म्हणजे सातशे. महाराष्ट्री प्राकृतातल्या सुमारे सातशे छोट्या कवितांचा हा संग्रह. परंपरा तो हाल या सातवाहन राजाच्या नावावर टाकते. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आपलं पैठण. हालाचा काळ साधारण इ.स. १ लं शतक धरतात, पण संग्रहात नंतरही भर पडत गेली असं अभ्यासक मानतात. यात देवादिकांच्या मोठमोठ्या कथा जवळपास नाहीत. शेत, नदी, पाऊस, सासू, दीर, वाटसरू, परगावी गेलेला नवरा असं सगळं गावातलं जग आहे. कितीतरी गाथा बाईच्या तोंडी आहेत. परंपरेने सांगितलेल्या कवींच्या नावांत रेवा, माधवी, अनुलक्ष्मी अशी बायकांची नावंही आहेत.

आता इथून उडी काश्मीरला. काळ ९ वं शतक, राजा अवंतिवर्मा. त्याच्या काळात आनंदवर्धन नावाचा पंडित ‘ध्वन्यालोक’ हा ग्रंथ लिहितो.

त्याच्या आधी चर्चा काय चालू होती? भामह, दंडी, उद्भट या मंडळींनी अलंकारांची बारीक वर्गवारी केली होती. उपमा, रूपक, अतिशयोक्ती... शाळेत आपण पाठ केलेली यादी. वामनाने पुढे जाऊन ‘रीती’ म्हणजे शब्दरचनेची विशिष्ट शैली हा काव्याचा आत्मा आहे असं म्हटलं. थोडक्यात, कवितेची ताकद शोधायची तर कवितेच्या अंगावर शोधा, असा सूर होता.

आनंदवर्धनाला यात काहीतरी सुटल्यासारखं वाटलं. गोदाकाठच्या त्या गाथेत कुठे आहे उपमा? कुठे आहे रूपक? सगळे शब्द साधे. तरी ती डोक्यात रुतून बसते. का? कारण तिचा मुख्य अर्थ कागदावर नाहीच. तो ऐकणाऱ्याच्या मनात उमटतो. या सुचवल्या जाणाऱ्या अर्थाला त्याने ‘ध्वनी’ म्हटलं आणि तोच काव्याचा आत्मा असं ठामपणे मांडलं. घंटा वाजल्यावर टोला थांबतो, पण नाद घुमत राहतो ना? शब्दांनंतर घुमत राहणाऱ्या अर्थासाठी या परंपरेत तोच दाखला देतात.

आणि गंमत बघा. नुसती एखादी गोष्ट सुचवणं, म्हणजे ‘वस्तुध्वनी’, हा प्रकार समजावताना या संस्कृत पंडिताने पहिलं उदाहरण घेतलं ते हेच, आपल्या गोदाकाठचं, प्राकृतातलं. त्याला लागूनच दुसरी गाथा येते, ती बरोबर उलटी आहे. घरात वाटसरू मुक्कामाला आलाय. घरातली तरुण सून त्याला दिवसाउजेडी दाखवून ठेवते की सासू कुठे झोपते आणि ती स्वतः कुठे झोपते, आणि रात्री अंधारात चुकून आमच्या अंथरुणावर पडू नको म्हणून बजावते. वरवर मनाई आहे. आत काय आहे ते तुम्हाला कळलंच असेल. पहिल्या गाथेत ‘या’चा अर्थ ‘येऊ नका’, दुसरीत ‘येऊ नको’चा अर्थ ‘ये’.

हे डोक्यात कसं घडतं, त्यासाठी या परंपरेने शब्दाच्या तीन शक्ती सांगितल्या. अभिधा म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ. लक्षणा म्हणजे सरळ अर्थ जमत नाही तेव्हा शेजारचा अर्थ घेणं. ‘अख्खं गाव रडलं’ म्हटल्यावर घरं आणि विहिरी रडत नाहीत, माणसं रडतात. आणि तिसरी व्यंजना. इथे सरळ अर्थ व्यवस्थित जमतो, तरीही आणखी एक अर्थ त्याच्या मागून येतो.

याचं जुनं उदाहरण आहे ‘सूर्य मावळला’ हे वाक्य. गुराख्याला त्यातून ऐकू येतं की गुरं घराकडे वळवा. दुकानदाराला ऐकू येतं, माल आवरा. प्रियकराची वाट बघणारीला आणखी काही वेगळंच. वाक्य एक, अर्थ ऐकणाऱ्यांइतके. घरातलं उदाहरण हवंय? रात्री तुम्ही मोबाईल घेऊन पडलेले असता आणि आई दारातून फक्त म्हणते, ‘साडेअकरा वाजलेत.’ ती वेळ सांगत नाहीये, हे कळायला कुठला ग्रंथ लागत नाही. मी दिवसभर कोड लिहितो, आणि कंपायलरला फक्त अभिधा कळते. लिहिलंय तेवढंच. माणसाचं वाचन सुरू होतं ते त्याच्या पुढे.

पण सगळ्यांना हे पटलं असं समजू नका. ११ व्या शतकात महिमभट्ट नावाच्या पंडिताने ‘व्यक्तिविवेक’ लिहून ध्वनीवर थेट हल्ला केला. त्याचं म्हणणं असं, की यात नवीन शक्ती वगैरे काही नाही. हे साधं अनुमान आहे. धूर दिसला की आग आहे हे आपण ओळखतो, तसंच सिंह आहे म्हटल्यावर भित्र्या माणसाने जाऊ नये हे आपण ओळखतो. तर्क आहे, संपला विषय.

युक्तिवाद दमदार आहे. मग मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त त्याला जे उत्तर दिलं ते माझं सगळ्यात आवडतं. तो म्हणतो, हा तर्क टिकतच नाही. भित्रा माणूससुद्धा गुरूच्या किंवा मालकाच्या हुकुमाने, नाहीतर प्रेमापोटी, धोक्याच्या जागी जातो. उलट कुत्र्याला टाळणारा एखादा माणूस सिंहाला न घाबरण्याइतका शूर असू शकतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गोदाकाठी सिंह आहे हे सिद्ध कुठे झालंय? कोणी बघितलाय? फक्त ती बाई म्हणते म्हणून! आणि कोणी काही म्हटलं म्हणजे ते खरं असतंच असं नाही.

म्हणजे सिंह बहुधा नाहीच. तरी कविता चालते. पुरावा कच्चा असूनही अर्थ पक्का पोहोचतो, म्हणून हा अर्थ निव्वळ तर्काचा नाही. तो वाचणाऱ्याच्या जाणतेपणातून येतो. अशा जाणत्या वाचकाला ‘सहृदय’ म्हणतात. ‘ध्वन्यालोका’वर इ.स. १००० च्या आसपास ‘लोचन’ ही टीका लिहिणाऱ्या अभिनवगुप्ताने सहृदयाचं वर्णन असं केलंय, की काव्य वाचून वाचून ज्याच्या मनाचा आरसा लख्ख झालाय तो. वाचकाला इतका मान देणारी मांडणी मला दुसरी क्वचितच दिसते.

पण मान मिळाला की जबाबदारीही येते.

ती बाई त्या माणसाला का घालवते? परंपरेतलं उत्तर ठरलेलं आहे. त्या झाडीत तिची आणि तिच्या प्रियकराची भेटायची जागा आहे, आणि फुलं वेचायला येणारा हा गृहस्थ तिथे अडचण करतो. असेलही. पण कवितेत प्रियकर आहे का? नाही. एका शब्दानेही नाही. तो टीकाकारांनी आणला. एकदा आणला, की बाईवर शिक्काही बसला, ‘स्वैरिणी’. तिला फक्त एकांत हवा असेल, घाबरट माणसाची मजा करायची असेल, हे अर्थ मागे पडले.

जिला उघड ‘नको’ म्हणता येत नाही, तिला ध्वनी आडोसा देतो. उद्या कोणी जाब विचारला तर ती म्हणू शकते, ‘मी तर फिरा म्हणाले!’ सासूच्या घरातल्या सुनेला, गावाच्या नजरेखाली राहणाऱ्या बाईला या आडोशाची किंमत किती असेल विचार करा. पण तोच ध्वनी वाचकाच्या हातात सत्ताही देतो. जे ती बोललीच नाही, ते तिच्या नावावर लावायची सत्ता. आज एखाद्या मुलीच्या चॅटचा स्क्रीनशॉट फिरतो आणि ‘तिला म्हणायचं होतं ते आम्हाला कळलं’ म्हणत लोक निकाल देतात, तेव्हा हेच चालू असतं. न लिहिलेलं ऐकता येणं ही देणगी आहे. त्यातलं किती तिचं आणि किती आपल्या मनातलं, हे तपासणं हाही सहृदयाच्या कामाचाच भाग आहे, असं मला वाटतं.

जाता जाता एक. १८७५-७६ मध्ये ग्योर्ग ब्यूलर यांनी काश्मीरचा दौरा करून मुंबई सरकारसाठी शेकडो हस्तलिखितं गोळा केली. तो संग्रह आज पुण्यात भांडारकर संस्थेत आहे. आणि १८९१ मध्ये मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने ‘काव्यमाला’ मालिकेत ‘ध्वन्यालोक’ छापला. गोदाकाठावरून काश्मीरला गेलेली गाथा अशी छापील रूपात पुन्हा आपल्याकडे आली.

तर मंडळी, आता एक काम करा. तुमच्या घरात आई, आजी, मावशी जी वाक्यं बोलतात, वरून साधी पण आतून भलतीच, त्यातलं एक आम्हाला लिहून पाठवा. आणि सोबत दोन अर्थ लिहा. तुम्हाला कळलेला एक, आणि त्यांना विचारून घेतलेला दुसरा. दोन्ही सारखे निघतात का, ते पुढच्या भागात बघूया. भेटूच!