चेन्नईतील हरपलेली पारख

मद्याची पारख पिढ्यान्‌पिढ्या चाखल्यावाचून साधत नाही. केंटकीच्या बर्बनचेच पाहा ना. किमान ५१ टक्के मका आणि आतून जाळलेले ओकचे नवे पीप! १९२० ते १९३३ ची दारूबंदी सोसूनही ते तगले; १९६४ साली अमेरिकन काँग्रेसने त्यास राष्ट्राचे खास उत्पादन मानले. मद्रासच्या ताडीचे नशीब निराळे. राजाजींनी १९३७ साली सेलम जिल्ह्यात आरंभिलेली बंदी १९४८ त प्रांतभर पसरली. १९७१ त उठली, पुन्हा आली, पुन्हा उठली. १९८७ पासून मात्र ताडी निषिद्धच आहे, आणि विदेशी धाटणीचे मद्य (नवल म्हणावे ते हेच) २००३ पासून सरकारच दुकाने मांडून विकते. पहाटेची गोड ताडी नि दुपारची आंबलेली यांतला भेद जिभेने ओळखणारा रसिक चेन्नईत आता कोठे भेटणार?